नारायण धारप आणि आमच्या गावची भानामती

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. म्हणजे जी. ए. कुलकर्णींपेक्षा ते दोन वर्षांनी लहान. हे दोघे एकाच पिढीचे, दोघांच्याही कथांत अंधार आहे, आणि तरीही एकावर आमच्या वर्गात तासन् तास व्याख्याने होतात, तर दुसऱ्याचे नाव काढले की मागच्या बाकावर हशा पिकतो. या लेखात दोघांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. तेवढा माझा अधिकारही नाही. परंतु ज्या लेखकाची पुस्तके ग्रंथालयात सर्वांत जास्त झिजलेली असतात, त्याचे चरित्र कुणी सांगत नाही, ही गोष्ट मला काही केल्या पटेना. म्हणून हा खटाटोप.

धारपांचे शिक्षण ऐकले की पहिला धक्का बसतो. भुताखेतांच्या गोष्टी लिहिणारा हा माणूस शास्त्राचा विद्यार्थी होता. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. टेक. ही पदवी त्यांनी घेतली आणि तीही रसायनाच्या शाखेत. ज्या काळात मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट समजली जाई, त्या काळातील ही पदवी आहे. पुढे ते काही वर्षे आफ्रिकेत होते, मग स्वदेशी परतले. लेखणीवर पोट भरणाऱ्या माणसाचे हे चरित्र नव्हे. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला एक सवय लागते. अमुक द्रव्यात तमुक द्रव्य किती थेंब घातले म्हणजे रंग पालटतो, हे तो नेमके पाहतो. धारपांच्या कथा वाचताना मला या सवयीची सारखी आठवण होते. भीती ते एकदम ओतत नाहीत, थेंबाथेंबाने सोडतात.

माझ्या वडिलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. एवढे शिकलेला माणूस भुतांवर कशाला लिहील, असा त्यांचा साधा प्रश्न होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे शिकले की भूत पळते, अशी आमच्याकडे समजूत आहे. वडिलांच्या या प्रश्नाला पुढे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

मराठी कादंबरीला अद्भुताचे वावडे कधीच नव्हते. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. अकल्पित योगायोग, राजपुत्र, विरहिणी नायिका, चमत्कार यांनी ती पाने भरलेली असत. प्रेम आणि अद्भुत यांची तेव्हा सोयरीकच होती. मग हरिभाऊ आपटे आले, त्यांनी कादंबरीला घरात आणून बसविले, चुलीपाशी रडणारी बाई दाखविली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या दिवसापासून अद्भुताला माजघरात प्रवेश राहिला नाही. ते ओसरीवर राहिले. ओसरी म्हणजे मासिके, दिवाळी अंक आणि गल्लीबोळांतील खाजगी वाचनालये. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी'च्या जोडीला 'नवल' हे मासिक काढले. गूढ, चमत्कारिक आणि चित्तथरारक अशा कथांना तिथे हक्काचे घर मिळाले. धारपांचा वाचक याच वाटेने घडला. रोजचे काही पैसे भरून पुस्तक घरी न्यायचे, रात्री जागून संपवायचे आणि सकाळी दुसऱ्याच्या हाती द्यायचे, असा तो वाचक. त्याने समीक्षा लिहिली नाही. फक्त पुस्तकाच्या पाठीवरची शिवण उसवेपर्यंत ते वाचले.

धारप लिहू लागले तेव्हा मराठीत नवकथेचा बोलबाला होता. गाडगीळ, गोखले, माडगूळकर, भावे ही नावे गाजत होती. दुसऱ्या बाजूला बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे राज्य होते. धारप या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहिले. अर्नाळकरांच्या कथेत कोडे शेवटी सुटते आणि गुन्हेगार हाडामांसाचा माणूस निघतो. धारपांच्या कथेत कोडे सुटत जाते तसतशी भीती वाढते, कारण पलीकडचा हाडामांसाचा नसतो. विज्ञानकथाही त्यांनी पुष्कळ लिहिल्या. 'नेनचिम', 'गोग्रॅमचा चितार', 'फायकसची अखेर' ही नुसती नावे वाचली तरी पाऊल अडखळते. मात्र वाचकांच्या मनात घर केले ते भयकथांनी. 'लुचाई', 'शपथ', 'ग्रास', 'चेटकीण', '४४० चंदनवाडी', 'अनोळखी दिशा' अशी मोठी यादी देता येईल, पण यादीने पान भरण्यात अर्थ नाही.

आता त्यांच्या मानसपुत्रांविषयी. जयदेव, कृष्णचंद्र, पंत अशी काही पात्रे त्यांच्या निरनिराळ्या कथांतून पुन्हा पुन्हा येतात. त्या सर्वांत वाचकांचे लाडके म्हणजे समर्थ. समर्थ हे त्यांचे लोकांनी मानलेले नाव. मूळ नाव अप्पा जोशी. हे नाव मला फार आवडते. कोणत्याही पोस्टमनच्या पिशवीत या नावाची चार पत्रे सापडतील. या साध्या नावाच्या माणसाला मात्र आपल्याला दिसत नाही ते जाणवते, आणि साधनेने मिळविलेले बळ तो दुसऱ्याच्या रक्षणासाठी खर्च करतो. एका पुस्तकाचे नावच 'समर्थाचिया सेवका' असे आहे. रामदासांचे मनाचे श्लोक ज्याच्या कानांवरून गेले आहेत त्याला त्या नावातील आधार लगेच कळतो.

अतींद्रिय शक्ती असलेला असा तपासनीस इंग्रजीत आधीच होऊन गेला होता. अल्जरनॉन ब्लॅकवुड याने १९०८ साली जॉन सायलेन्स नावाचा एक डॉक्टर उभा केला; तो पछाडलेल्या माणसांवर उपचार करी. पाठोपाठ विल्यम होप हॉजसन याने कारनॅकी हा भूतशोधक आणला. तो एका हाती जुने मंत्रग्रंथ आणि दुसऱ्या हाती विजेची उपकरणे घेऊन झपाटलेल्या घरात रात्र काढीत असे. समर्थ या दोघांचे मराठी भाऊबंद होत. तरी एक फरक मला जाणवतो. कारनॅकी जेवणानंतर मित्रांना आपले पराक्रम सांगणारा गृहस्थ आहे. समर्थांकडे लोक जातात ते मात्र घरातले वडीलधारे माणूस शोधावे तसे. संकटात सापडलेले कुटुंब त्यांच्यापुढे मन मोकळे करते, ते ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, खातरजमा करतात आणि मगच उठतात. हे ऐकून घेणे महत्त्वाचे आहे. का, ते आता सांगते.

आमचे गाव औसा तालुक्यात आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला भानामती म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. बंद पेटीतले कपडे पेटणे, अंगावर फुल्या उमटणे, जेवणात खडे किंवा घाण येणे, बायांनी कुत्र्यासारखा आवाज काढणे, हे सारे आपल्याकडे ऐकून प्रत्येकाला माहीत असते. मी सहावीत असताना आमच्या आळीतल्या एका घरची म्हैस आटली, आणि त्याच महिन्यात त्या घरचे लेकरू तापाने फणफणले. देवऋषी आणला गेला. त्याने तांदळाचे दाणे मांडले, लिंबू कापले, आणि कुणाचेही नाव घेतले नाही. फक्त दिशा सांगितली. दक्षिणेकडचे घर, दारात झाड, आणि घरात पुरुष माणूस नाही, एवढे म्हणून तो दक्षिणा घेऊन निघून गेला. नाव गावाने भरले.

ती बाई विधवा होती. तिची दीड एकर जमीन होती आणि दारात लिंबाचे झाड होते. मी तिला काकू म्हणत असे. शाळेतून येताना तिच्या रांजणाचे पाणी पीत असे. त्या दिवसापासून मला तिकडून यायची बंदी झाली. कुणी तिला मारले नाही, हे सांगितले पाहिजे. फक्त हळदीकुंकवाला तिच्या घराचा उंबरा वगळला जाऊ लागला, हातपंपावर ती आली की बाया घागरी उचलू लागल्या, आणि तिच्या नजरेला लेकरू पडू नये म्हणून पदराआड घेऊ लागल्या. माझी आईही त्यांत होती. दीड वर्षाने काकू भावाकडे निघून गेली. जमीन कुणी बटईने केली ते मी इथे लिहीत नाही.

महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा २०१३ सालीच झाला होता. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि अनेक वर्षे अडलेला कायदा त्यानंतर झाला. कॉलेजात आल्यावर मी त्या कायद्याची अनुसूची काढून वाचली. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असे भासवून तिच्यावर संशय आणणे हा त्यात गुन्हा आहे. जनावराचे दूधसुद्धा कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात होते! मी ते वाक्य दोनदा वाचले. आमच्या आळीत त्या वेळी हा कायदा कुणाला ठाऊक नव्हता.

मग साहजिकच असा प्रश्न येतो, आणि आमच्या एका प्राध्यापकांनी तो मला वर्गात विचारलाही, की भानामतीचा असा अनुभव असलेल्या मुलीला धारप आवडावेत कसे? अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढत नाही काय?

मला असे वाटते की, ज्यांनी धारप वाचलेले नाहीत तेच हा प्रश्न निश्चिंतपणे विचारू शकतात. देवऋष्याची गोष्टही एक रहस्यकथाच असते. तिच्यात संकट असते, शोध असतो, आणि शेवटी अपराधी सापडतो. पण त्या कथेतला अपराधी ठरलेला असतो. एकटी बाई, जिच्या बाजूने बोलणारा कुणी नाही. देवऋषी काही ऐकून घेत नाही, खातरजमा करीत नाही. धारपांच्या ज्या कथा मी वाचल्या, त्यांतील दुष्ट शक्ती बहुधा माणसाच्या वस्तीपेक्षा फार जुनी आणि फार दूरची असते. अमेरिकन लेखक लव्हक्राफ्ट याच्या कथांशी त्यांचे नाते सांगितले जाते ते याचमुळे. तिच्याशी झुंजायचे तर घरातल्या माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकावा लागतो. पुस्तक मिटले की मला लाईट लावून झोपावे लागते हे खरे; परंतु सकाळी उठून मी शेजारणीकडे संशयाने पाहत नाही. देवऋष्याच्या गोष्टीनंतर गावाने नेमके तेच केले.

तरीही एक गोष्ट धारपांच्या पदरात घालणे मला अवघड जाते. 'चेटकीण' हे शीर्षक. शहरातील वाचकाला तो शब्द परीकथेतला वाटत असेल. आमच्याकडे तो शब्द काकूच्या पाठीमागे उच्चारला गेला होता. ती कादंबरी मी वसतिगृहात वाचली. घरी अजून नेलेली नाही. आईच्या नजरेला ते मुखपृष्ठ पडावे असे मला वाटत नाही. साहित्य म्हणून त्या पुस्तकाचे मूल्य काय, हा वेगळा विषय आहे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. गोपाळ गणेश आगरकर यांच्याएवढा कडक बुद्धिवादी महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल. देव, धर्म, सोवळेओवळे, कशाचीही त्यांनी गय केली नाही. त्यांनी १८८३ साली 'विकारविलसित' प्रसिद्ध केले. ते शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर, आणि 'हॅम्लेट'ची सुरुवातच मुळी भुताने होते. मध्यरात्री तटावर पहारेकऱ्यांना मेलेला राजा दिसतो. आगरकरांना ते भूत गाळावेसे वाटले नाही. रंगभूमीवरचे भूत आणि चावडीवरचे भूत यांतला फरक त्यांना कळत होता. धारपांनाही तो कळत असला पाहिजे. रसायन शिकलेला माणूस उगीच का समर्थांना इतकी खातरजमा करायला लावील? हे मी वडिलांना सांगितले. त्यांनी मान हलविली, आणि म्हणाले की किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांना कुठल्याच भुताचे काही वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते लहान होते, आणि अंगणात झोपले होते म्हणून वाचले. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

धारपांवरचा मोठा आक्षेप मात्र याहून निराळा आहे, आणि तो टाळून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांची काही गाजलेली पुस्तके परक्या मुळावरून घेतलेली आहेत. अमेरिकेतील स्टीफन किंग याची 'सालेम्स लॉट' ही कादंबरी १९७५ ची. 'लुचाई' तिच्यावरून आलेली आहे. त्याचीच 'इट' १९८६ ची; 'शपथ' तिच्यावरून. लहानपणी एका दुष्ट शक्तीशी झुंजलेली मुले मोठी होऊन, दिलेल्या शब्दाला जागून परत येतात, ही मूळ कल्पना किंगची. आगरकरांनी 'हॅम्लेट' घेतले ते 'हॅम्लेट' आहे हे सांगून घेतले. वाचकाला मूळ कळण्याचा हक्क आहे, आणि या बाबतीत धारपांची बाजू घेण्याची माझी तयारी नाही. एवढे मात्र म्हणेन की नुसती कथा उचलली म्हणून भीती उचलता येत नाही. अमेरिकेतल्या गावाची भीती तिथल्या चर्चमध्ये आणि तळघरांत राहते. मराठी वाचकाला भिववायचे तर तिला वाड्यात, माडीच्या जिन्यावर आणि देवघराच्या समईपाशी आणावे लागते. हे काम भाषांतराच्या कोशाने होत नाही. त्यासाठी आपल्या घरांत रात्री कुठे अंधार साचतो ते ठाऊक असावे लागते.

आणखी एक गोष्ट. आमच्या इंग्रजीच्या तासाला शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' ही १८४७ सालची कादंबरी शिकविली गेली. तिच्यात माडीवर कोंडलेली वेडी बाई आहे, रात्रीचे हसणे आहे, लागलेली आग आहे. आणि शेवटी जेनला कित्येक मैलांवरून आपल्या प्रियकराची हाक ऐकू येते व ती सर्व सोडून त्याच्याकडे निघते. म्हणजे प्रेमकथा, रहस्य आणि अतींद्रिय जाणीव, तिन्ही आले. वर्गात त्या हाकेवर गंभीर चर्चा झाली. कुणी हसले नाही. हीच हाक मराठीत एखाद्या धारपांच्या नायिकेला ऐकू आली असती तर ते पुस्तक एस. टी. स्टँडवरचे ठरले असते. इंग्रजांच्या भुताला आपण परंपरा म्हणतो आणि आपल्या भुताला करमणूक! ब्राँटेच्या वाक्याची उंची धारपांच्या वाक्यात नाही, हे मी मान्य करते. ते घाईने लिहितात, पुष्कळदा एकच युक्ती दोनदा वापरतात, आणि त्यांची पात्रे संकट येण्याआधी फारशी जिवंत नसतात. पण हे सारे वाचून, पाहून ठरवावे. न वाचता नव्हे.

धारप १८ ऑगस्ट २००८ रोजी वारले. वयाची त्र्याऐंशी वर्षे पुरी व्हायला नऊ दिवस उरले होते. मी तेव्हा अंगणात रांगत्याची चालती होत होते. त्यांच्या हयातीत त्यांना मोठे साहित्यिक मान मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही. परंतु मेल्यावर परत येणे हा ज्यांच्या कथांचा नित्याचा विषय, ते स्वतःही परत आले. आपल्या मराठवाड्यातल्याच औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तके नव्या आवृत्त्यांत आणली. २०११ साली 'अनोळखी दिशा' या नावाने त्यांच्या कथांवर दूरदर्शन संचांवर मालिका झाली. आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' प्रदर्शित झाला. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, तर त्याचे बीज धारपांच्या कथेत. एका मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात बर्वे यांना धारपांची एक गोष्ट ऐकविली होती, ती १९९३ साली. चित्रपटाच्या पहिल्या भागात एकट्या मुलाच्या वाट्याला आलेली ती साखळदंडातली म्हातारी 'आजी' या कथेवरून आली, आणि ती कथाही पुन्हा किंगच्याच एका कथेवरून. असा हा प्रवास.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. वसतिगृहातल्या आम्ही सहा जणी तो पाहायला गेलो होतो. परतताना गंजगोलाईत रिक्षाची वाट पाहत असता मैत्रिणींनी मला विचारले, हे धारप कोण. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या चौघींनी ग्रंथालयात त्यांचे पुस्तक मागितले. तिथे धारपांच्या सात प्रती आहेत. पाच बाहेर गेलेल्या होत्या. उरलेल्या दोहोंपैकी एकीची शेवटची चार पाने कुणी तरी फाडून नेली आहेत, आणि आतल्या बाजूला तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत, पेन्सिलीने, शेवट काय झाला ते तीन निरनिराळ्या प्रकारे लिहून ठेवलेले आहे.